तागडीचं सारण, सुईची चकती

रफू करणाऱ्या बाईची ओळख करून द्यायची म्हणजे पंचाईतच. शिंप्याचं काम दिसतं, रंगाऱ्याचं दिसतं, बेकरीवाल्याचं तर गल्लीच्या तोंडाशीच वासानं कळतं. रफू दिसलं की ते फसलं. त्यामुळे ड्रायक्लीनरच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी, एका स्टुलावर उभा जन्म काढलेल्या या बाईनं नेमकं काय केलं याचा पुरावा गावभर लोकांच्या अंगावर आहे, आणि दाखवता मात्र कुणालाच येत नाही. लोक कोट न्यायला येत, उलटासुलटा करून बघत आणि विचारत, "भोक होतं कुठं?" बाई म्हणे, "मला काय विचारता, कोट तुमचा." एवढंच तिचं कौतुक, आणि तेवढं आपल्याला पुरतं असं ती सांगायची. खरं तर गिऱ्हाइकानं पुन्हा एकदा विचारावं म्हणून कोटाची घडी घालायला ती मुद्दाम वेळ लावायची.

तिला सगळे मावशी म्हणत. सुई म्हणणारी जगात एकच बाई होती, आणि यंदा सण तोंडावर आला तरी ती बाई तिच्याशी बोलत नव्हती.

ती बाई म्हणजे तागडी. दवाखान्याच्या औषधखिडकीत तिनं अख्खी नोकरी काढली. बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून औषध मोजायचं, हीच तिची पूजा आणि हाच तिचा व्यायाम. घरी चहात साखर घालायची तरी चमच्यावरून बोट फिरवून तो सपाट केल्याशिवाय हिचा जीव खाली पडायचा नाही. तागडी हे नाव सुईनंच ठेवलं. तिनंही मग उधार ठेवलं नाही. "तू सुई," ती म्हणाली, "टोचल्याशिवाय तुझं कुठलं काम होत नाही."

ही नावं पडली तेव्हा दोघी नोकरीवाल्या मुलींच्या हॉस्टेलात एका खोलीत राहत होत्या. खोलीत खिडकी एक आणि खिडकीजवळची खाट एक. सुईला उजेड हवा होता, तागडीला हवा हवी होती, आणि समजूतदारपणा दोघींच्या घराण्यात नव्हता. भांडण असं पेटलं, की एकीला दुसरीला "दार लाव" सांगायचं असलं तरी निरोप मेसच्या काकूंमार्फत जायचा. काकू खालच्या मजल्यावर स्वयंपाक करायच्या. जिने चढून चढून त्या बिचाऱ्या मेटाकुटीला आल्या.

काकू दर सणाला जोडचकत्या करत. दोन पातळ खुसखुशीत चकत्या, आणि मधे त्यांना चिकटवून ठेवणारं जळक्या साखरेचं, अक्रोड घातलेलं सारण. दुसरं काही गोडधोड कुणी मागायचंच नाही. काकूंनी काम सोडलं त्या वर्षी त्यांनी या दोघींना वेगवेगळं बोलावलं. सुईला चकती शिकवली, तागडीला सारण शिकवलं, आणि आपला अर्धा भाग दुसरीला सांगायचा नाही असं दोघींकडून वदवून घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," काकू म्हणाल्या. नुसती चकती घशात अडकते आणि नुसतं सारण दाताला चिकटतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते दोघींना पुढच्या सणाला आपापलं कळलं. मग नाक मुठीत धरून एक दुसरीकडे गेली. आधी कोण गेलं याबद्दल आजही एकमत नाही. खिडकी त्यांनी आठवड्याआड वाटून घेतली.

पुढं लग्नं झाली. सुईला बसचा ड्रायव्हर मिळाला, तागडीला वेल्डर. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आली. भांडणं चालूच राहिली, उलट वाढली, कारण सणाला ती मिटणार याची आता खात्री होती. एवढी सोय कुठल्या मैत्रिणींना मिळते?

जोडचकत्या व्हायच्या त्या तागडीच्या स्वयंपाकघरात. आधी सुईची पाळी. तागडीला गॅलरीत धाडायचं, दार लावायचं, दाराखालच्या फटीत टॉवेल सारायचा, आणि मग मैदा मंद आचेवर कोरडाच भाजायचा, जरा बदामी होईपर्यंत. हेच तिचं गुपित. बाकी लोणी आणि पिठीसाखर कुणीही घालतं. मग तागडीची पाळी. अक्रोड फोडायचं काम सुईकडे असल्यामुळे तिला स्वयंपाकघरात राहणं भाग होतं, म्हणून तिनं स्टुलावर बसायचं, ओट्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. मान वळवायची नाही. सुईनं ती कधीच वळवली नाही, शपथेवर सांगते.

मग एका वर्षी वेल्डरनं हौसेनं ओव्हन आणला. तोवर चकत्या कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणाव्या लागत. मोठा, काळ्या काचेच्या दाराचा ओव्हन, आणि तो मावला तो नेमका स्टुलासमोरच्या भिंतीशी. त्या सणाला सुई पाठ करून बसली आणि समोरच्या काचेत अख्खा ओटा. पातेलं दिसत होतं. साखर विरघळून पहिला बुडबुडा आला. तागडीनं पदराखालून अर्धं लिंबू काढलं आणि ओठ हलवत थेंब मोजून टाकले. इतकी वर्षं डोकं खाजवून सुईला जे सुचलं नव्हतं ते एवढंच निघालं. तिला नजर खाली घेता आली असती, अक्रोड होतेच मांडीवर. नाही घेतली. आणि नंतर हे तिनं कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, कारण जोडचकती आपल्याला एकटीला येते म्हटल्यावर तागडीकडे जायचं कशाला, हा प्रश्न आला असता. तो तिला नको होता.

काच बाकी नेहमी लख्ख असायची. सारण चढवण्याआधी तागडी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं ओव्हनचं दार पुसून घ्यायची. सुई म्हणायची, "काय गं, ऑपरेशन करायचंय का इथं?" तागडी म्हणायची, "सवय. दवाखान्याची."

आता भांडणाकडे येऊ. आजवरची भांडणं चिल्लर होती. हे तसं नव्हतं.

वेल्डर वारला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. थंडी पडायला लागली तशी तागडी त्याचा तपकिरी स्वेटर घेऊन सुईकडे आली. "मनगटं उसवलीत. तेवढी नीट करून दे, मी घालते घरात." सुईनं स्वेटर पसरला. मनगटं कसली, डाव्या छातीवर बोटभर भोक होतं. तागडीच्या गॅलरीची जाळी जोडताना ठिणगी उडाली होती, त्याचं. सुईला ते बघवेना. मैत्रिणीनं नवऱ्याचा स्वेटर घालायचा आणि तो असा?

मग तिनं काय करावं? आतल्या शिवणीतून त्याच लोकरीचा धागा काढला, जळकी कड कातरली, आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं काही न करता टाका टाका विणून ते भोक बुजवलं. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं ते. ड्रायव्हर दोनदा जेवायला हाक मारून शेवटी एकटाच जेवला.

तागडी स्वेटर न्यायला आली. तिनं मनगटं बघितलीसुद्धा नाहीत. हात सरळ डाव्या छातीवर गेला, बोट चाचपडलं, आणि थांबलं. "भोक कुठंय?" तिनं विचारलं.

सुईला काय सांगावं, ब्रह्मानंद झाला. "मला काय विचारतेस," ती म्हणाली, "स्वेटर तुझा."

तागडी खुर्चीत बसली. "मी टीव्ही बघताना त्यात बोट घालून बसायचे," ती म्हणाली. "मनगटं सांगितली होती मी तुला. भोक सांगितलं होतं का?"

"अगं, पण भोकच ते."

"दवाखान्यात सांगितलं एक आणि दिलं दुसरं, तर माणूस मरतो."

"माणूस आधीच मेलाय," सुई म्हणाली.

निघून गेलं तोंडातून. इतकं सुरेख काम करून वर बोलणी खायची, म्हणून चिडून निघालं, पण निघालं. तागडीनं स्वेटरची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि दार हळूच ओढून गेली. आदळआपट करत गेली असती तर सुईला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तागडी आली नाही. सुईही गेली नाही, कारण जायचं तर "चुकलं" म्हणावं लागणार, आणि हा शब्द तिनं जन्मात एकदाच उच्चारला होता, तोही टाक्याबद्दल. तागडीची आठवण तिला फार यायची. दुकानात काही गमतीचं घडलं, की हे संध्याकाळी तागडीला सांगायचं असं मनात यायचं आणि मग पुढचं आठवायचं. घरात ती भांडी जोरात ठेवू लागली.

"माफी मागून टाक," ड्रायव्हर म्हणाला.

"कशाची? काय झालंय ते तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"नाही. पण तुझं तोंड माहीत आहे." त्यानं पेपर उलटला. "तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, असं चाललंय तुमचं. मधल्या मधे माझ्या जोडचकत्या जाणार."

शेजारणी यंदाच्या जोडचकत्यांचं विचारू लागल्या. ड्रायक्लीनरनं डबा रिकामा करून ठेवल्याचं सुचवलं. तेव्हा सुईच्या अंगात आलं. ती काय समजते, तिच्यावाचून अडतंय? तिनं घरी मैदा भाजला, चकत्या लाटल्या, ट्रे घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणल्या. मग साखर चढवली. पहिल्या बुडबुड्याला लिंबू. लोणी, साय, अक्रोड. चकतीवर चकती दाबली आणि एक नवऱ्यापुढं ठेवली.

ड्रायव्हरनं सावकाश खाल्ली, बोटं चाटली. "तीच," तो म्हणाला. "काही फरक नाही. तागडीवाचूनही येतात की तुला."

सुईचा चेहरा पडला. त्याला वाटलं आपण कौतुक केलं, आणि बाईच्या डोळ्यांत पाणी. बायकांचं काही कळत नाही असं म्हणून त्यानं दुसरी उचलली, तर तिनं ताटच ओढून घेतलं. "एक शब्द बाहेर बोलायचा नाही," ती म्हणाली. "मला या येत नाहीत. समजलं?"

"पण आत्ताच तर..."

"येत नाहीत म्हटलं ना."

त्या रात्री नाही, त्या बसल्या बैठकीत तिला युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचा तिला फार अभिमान वाटला. बिघडलेल्या जोडचकत्या घेऊन तागडीकडे जायचं. "बघ, तुझ्यावाचून मेल्या धड होत नाहीत," म्हणायचं. यात सगळं आलं. चुकलं म्हणायची गरजच नाही, चकत्याच म्हणतील.

आता बिघडवायचं काम राहिलं, आणि ते तिला जमेना. जन्मभर बिघडलेलं नीट करणाऱ्या हाताला उलटं काम सांगितलं, तो ऐकेल कशाला? साखर करपू द्यायची ठरवली तर नेमक्या वेळी हातानं पातेलं खाली उतरवलं. दुसऱ्यांदा तसंच. ड्रायव्हर दारात उभा राहून हे बघत होता आणि प्रत्येक फसलेला प्रयत्न खाऊन टाकत होता. शेवटी सुईनं डोळे मिटून तयार सारणात मूठभर मीठ लोटलं. चाखून बघितलं आणि थुंकून टाकलं. मग समाधानानं डबा भरला.

तागडीनं दार उघडलं. अंगात तोच तपकिरी स्वेटर होता. "ये," म्हणाली, बस्स. घरात कसलासा ओळखीचा वास होता, पण सुईचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि वाटेत घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं.

तागडीनं चष्मा लावला. जोडचकती आधी उजेडात धरून बघितली, मग मधोमध मोडली, सारण बोटांनी ताणलं आणि मग चावली. तोंड वाकडं न करता तिनं तो घास गिळला. कडू औषधं चाखायची तिला सवयच होती.

"खारट आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी. तुझ्यावाचून..."

"खारट आहे, पण रवाळ नाही." तागडीनं उरलेला तुकडा खाली ठेवला. "तार बघ कशी येतेय. माझं गुपित घातल्याशिवाय ही साखर रवे धरून दगडासारखी बसते. लिंबाचं तुला कुणी सांगितलं?"

सगळं झाकायची कला अवगत असलेल्या बाईनं एवढं मोठं ठिगळ उघडं ठेवलं होतं. ती खुर्चीत बसली, आणि चोर पकडला गेल्यावर जसा दुसरा चोर शोधू लागतो, तशी इकडंतिकडं हुंगू लागली.

"मैदा भाजल्याचा वास येतोय," ती म्हणाली.

तागडीनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुझ्या घरात, तागडे. भाजलेल्या मैद्याचा."

तागडी उठली, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढला आणि झाकण उघडून पुढं केला. आत जोडचकत्या होत्या, एकसारख्या, एकाही कडेला सारण आलेलं नाही. सुईनं एक खाल्ली. चांगलीच होती मेली.

"कधीपासून येतात तुला?"

"पहिल्या वर्षापासून. दाराखाली टॉवेल घातला की वास अडतो, असं तुला वाटतं? औषधखिडकीत नाकावर काम केलंय मी."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

सुईनं विचार केला. खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "नसते आले," ती म्हणाली. "माझं नाक केवढं."

दोघी बसल्या. सुई समोरच्या स्वेटरकडे बघत होती. डाव्या बाजूला काहीच दिसत नव्हतं, आणि इतकं छान न दिसलेलं तिचं दुसरं कुठलंच काम नव्हतं.

"त्या दिवशी मी जे बोलले," ती म्हणाली, "माणूस मेल्याचं."

"हं."

"चुकलं माझं. बोलायला नको होतं."

"नव्हतंच," तागडी म्हणाली. मग तिनं स्वेटर काढून सुईच्या मांडीवर टाकला. "उसव ते."

सुईच्या पर्समध्ये कात्री असतेच. तिनं चष्मा लावला, स्वेटर खिडकीशी नेला, वीण बोटांखालून घातली, उलट बाजूनं बघितली, उजेडासमोर ताणून धरली. भोक सापडेना. स्वतःचंच काम, आणि तिला स्वतःला ते कळेना. इतर कुठल्याही दिवशी हे तिनं गल्लीभर सांगितलं असतं. आज तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सापडत नाही गं," ती हळूच म्हणाली.

तागडीनं बघितलंसुद्धा नाही. तोंड खिडकीकडे ठेवून हात लांब केला, सुईचं बोट धरलं आणि स्वेटरवर टेकवलं. "इथं."

सुईनं टाका उचलला आणि कापला. मग दुसरा. लोकर सुटत गेली. भोक झालं, पण तेच झालं असं म्हणवत नाही. जळकी कड तिनं त्या दिवशीच कातरून कचऱ्यात टाकली होती, ती कुठून आणणार? तागडीनं स्वेटर अंगात घातला आणि बोट आत घालून बघितलं.

"मोठं झालंय जरा," ती म्हणाली.

"तुझं बोट वाळलंय," सुई म्हणाली. "जेवतेस का नीट?"

तागडी हसली नाही, पण बोट काढलंही नाही. थोड्या वेळानं ती उठली. स्वतःच्या डब्याला झाकण लावून तिनं तो परत वरच्या फळीवर सारला. "त्या बिघडल्यात," ती म्हणाली. "सणाला वाटायच्या नाहीत. चल, नव्या करू. टॉवेल घे तो, आणि मला गॅलरीत घाल."

सुईनं टॉवेल घेतला. दार लावलं, फट बुजवली, मैदा भाजला, आणि गॅलरीतून कुणी नाक ओढल्याचा आवाज आला तो ऐकलाच नाही. मग तागडी आत आली. सुई अक्रोडांचं भांडं मांडीवर घेऊन स्टुलावर बसली, ओट्याकडे पाठ आणि ओव्हनकडे तोंड.

तागडी ओलं फडकं घेऊन आली. ओव्हनची काच तिनं वरपासून खालपर्यंत पुसली, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मग कोरड्या फडक्यानं पुसली. सुईच्या ओठांवर ऑपरेशन आलंच होतं, ते तिथंच राहिलं. इतक्या वर्षांत काचेचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ही बाई दर वर्षी काच पुसत होती.

साखर विरघळली. पहिला बुडबुडा आला. काचेत तागडी स्पष्ट दिसत होती, स्वेटरवरच्या भोकासकट. तिनं पदराखालून अर्धं लिंबू काढलं, आणि पिळायच्या आधी ते जरासं वर, उजेडात धरून थांबली. सुईनं अक्रोड फोडायचं थांबवलं, नीट बघून घेतलं, आणि मग पुढचा हातात घेतला.